चर्चा : मळीची व्हिस्की स्कॉच आणि बर्बनच्या रांगेत बसवून चाखावी का?

रंकाळाकाठ (मूळ मत)

कोल्हापुरातील रसिक मंडळी स्कॉच, आयरिश, बर्बन आणि भारतीय व्हिस्की शेजारी शेजारी ठेवून चाखू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. आक्षेप एकच आहे : मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर बेतलेल्या स्वस्त व्हिस्कीलाही याच रांगेत गुण दिले जातात. धान्य, ऊर्ध्वपातन आणि लाकूड या तिन्हींनी मिळून व्हिस्कीची शैली घडते. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीमध्ये किमान ५१ टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरते, म्हणून तिला व्हॅनिलाचा आणि करपवलेल्या साखरेचा गोडवा येतो. आयरिश पॉट स्टिल प्रकारात मोड आणलेल्या सातूबरोबर मोड न आणलेले सातूही असतात, त्यामुळे ती जिभेवर दाट आणि किंचित मसालेदार लागते. स्कॉटलंडमधील आयला बेटावरच्या अनेक स्कॉचचे सातू पीटच्या (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या इंधनाच्या) धुरावर वाळवलेले असतात, आणि तो धूर पेला नाकाशी नेताच ओळखू येतो. मळीचा मद्यार्क मात्र सुमारे ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध केला जातो. त्यात उसाची ओळख उरत नाही आणि धान्य तर मुळातच नसते. मग तुलना करायची ती कशाची?

शाहूपुरी

आपला युक्तिवाद स्कॉचलाही लागू पडतो, हे आपल्या लक्षात आलेले दिसत नाही. ब्लेंडेड, म्हणजे मिश्र, स्कॉचमध्ये बहुधा मोठा वाटा ग्रेन व्हिस्कीचा (गहू, मका अशा धान्यांपासून काढलेल्या व्हिस्कीचा) असतो, आणि तीही उंच स्तंभातून जवळजवळ ९४.८ टक्क्यांपर्यंत ऊर्ध्वपातित करता येते. तिला रांगेत जागा द्यायची आणि मळीच्या मद्यार्काला दारातूनच परत पाठवायचे, हा न्याय कसला? लेबल झाकावे, आणि रंगावरून अंदाज बांधता येऊ नये म्हणून पेलेही झाकावेत, कारण स्कॉचमध्येही कॅरॅमलचा रंग घालण्यास परवानगी आहे. मग जिभेला ठरवू द्यावे.

रंकाळाकाठ

कच्च्या मालाचा गंध आणि चव थोडी तरी शिल्लक राहावी, यासाठीच ९४.८ टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. शिवाय ती ग्रेन व्हिस्की किमान तीन वर्षे ओकमध्ये मुरल्याशिवाय तिला स्कॉच म्हणता येत नाही. आपल्याकडे मळीच्या मद्यार्कावर असे कोणतेही बंधन नाही. युरोपीय संघात धान्यापासून न बनलेले पेय व्हिस्की म्हणून विकताच येत नाही.

कागल

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ऊस पिकतो, त्यामुळे मळीविषयी तुच्छतेने बोललेले मला खपत नाही. तरीही मूळ मताशी मी अर्धा सहमत आहे. मळीचे प्रामाणिक पेय रम आहे, आणि तिथे उसाला मान खाली घालावी लागत नाही. माझा खरा वाद पुढे आहे. आपण भारतीय सिंगल मॉल्टला (एकाच कारखान्यात केवळ मोड आणलेल्या सातूपासून बनवलेल्या व्हिस्कीला) स्कॉचच्या वयाच्या पट्टीने मोजतो, हे त्याहून मोठे चुकीचे आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के द्रव उडून जातो, तर बंगळुरूच्या हवेत हेच प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असते. तिथे लाकूड आपला रंग आणि चव फार लवकर देते, म्हणून पाच वर्षांची भारतीय मॉल्ट बारा वर्षांच्या स्कॉचपुढे कच्ची ठरेलच असे नाही. बंगळुरूच्या अमृत या कंपनीने २००४ साली आपली सिंगल मॉल्ट थेट ग्लासगोत नेऊन बाजारात आणली, ती याच विश्वासावर.

राजारामपुरी

झाकलेल्या पेल्यांची चाचणी जरूर घ्यावी, पण तांबड्या रश्श्यासोबत घेऊ नये. मिरचीतील कॅप्सेसिन तोंडातील उष्णता जाणणाऱ्या ज्या ग्राहींना चेतवते, त्यांनाच मद्यार्कही चेतवतो. दोन्ही एकत्र आले की केवळ जळजळ उरते आणि आयरिश कोणती नि बर्बन कोणती, हे भल्याभल्यांना कळत नाही. आपल्याकडील व्हिस्की बहुधा ४२.८ टक्के असते आणि काही मॉल्ट ४६ टक्के असतात, म्हणून आधी पाणी घालून सर्व पेले एकाच तीव्रतेवर आणावेत. धुराची आयला सर्वांत शेवटी घ्यावी, कारण तिच्यानंतर बराच वेळ दुसरे काही कळत नाही.

शाहूपुरी

इथेच माझा मूळ मुद्दा येतो. आपल्या जिल्ह्यातले बहुसंख्य लोक व्हिस्की सोडा घालून आणि मटणासोबतच घेतात, आणि ती स्वस्त ब्लेंड त्याच ताटासाठी बनवलेली असते. तिला रिकाम्या जिभेवर, कोमट पाण्याच्या चार थेंबांसह तपासणे हा तिच्यावर अन्याय आहे. चाचणी दोनदा घ्या : एकदा जेवणाआधी, एकदा जेवणासोबत.

रंकाळाकाठ

जेवणासोबतची फेरी मला मान्य आहे, आणि त्या फेरीत मळीची ब्लेंड पहिली आली तरी मी तसे मोकळेपणाने लिहीन. मात्र त्या गुणांमधून जेवणासोबत काय जुळते एवढेच कळेल. मका, सातू, पीट आणि पिंप यांनी काय घडवले, हे जेवणाआधीच्या फेरीतच कळेल, आणि त्या फेरीत मळीच्या व्हिस्कीला जागा नाही, या मतावर मी ठाम आहे.