ईएमडीआर: नुसते डोळे फिरवून आघात जातो का?

तळटीप: पाऊलवाट यांनी काल लिहिलं, 'डोळे डावी-उजवीकडे फिरवले की मेंदूचे दोन भाग जोडले जातात आणि जुना आघात निघून जातो. यूट्यूबवर इकडून तिकडे सरकणाऱ्या ठिपक्याचे व्हिडिओ आहेत, थेरपिस्टला पैसे कशाला?' असल्या सल्ल्यापायी माणसं गोत्यात येतात. ईएमडीआर ही मानसिक आघाताच्या आठवणींवरची उपचारपद्धत आहे, तिचे एकूण आठ टप्पे आहेत, डोळ्यांची पाळी चौथ्यात येते. आधी पूर्वेतिहास, मग तयारी, मग लक्ष्य ठरवणं: प्रसंगातलं सगळ्यात बोचणारं चित्र, त्यातून स्वतःबद्दल घट्ट बसलेली समजूत, तिच्या जागी हवी असलेली समजूत १ ते ७ मध्ये कितपत खरी वाटते, त्रास ० ते १० मध्ये किती, तो शरीरात कुठे जाणवतो. त्यानंतर चेहऱ्यापासून फूटभरावर थेरपिस्टची बोटं, चोवीसेक वेळा इकडून तिकडे, डोळे त्यांच्यामागे, साधारण अर्धा मिनिट, ही एक फेरी. थांबायचं, श्वास घ्यायचा, 'आता काय येतंय?' जे येईल तिथून पुढची फेरी. यातलं कोणतं काम ठिपका करतो?

रानवारा: टप्पे कबूल. पण मूळ औषध जुनंच आहे, आठवणीला सामोरं जाणं. डेव्हिडसन आणि पार्कर यांनी २००१ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले, डोळे हलवल्याने वेगळा फायदा दिसला नाही. ही पद्धत काढणाऱ्या शापिरोबाईंचा १९८९ चा पहिला अभ्यास तर अवघ्या २२ जणांचा.

कासवगती: तुम्ही २००१ लाच थांबलात. ली आणि कायपर्स यांनी २०१३ मध्ये तेच पुन्हा तपासलं आणि फरक सापडला. कारणही साधं आहे. मनात चित्र धरायचं आणि त्याच वेळी बोटाचा पाठलाग करायचा, दोन्हींना मनातली जागा एकच आणि तीही तोकडी. चित्र फिकं पडतं आणि फिकंच परत साठवलं जातं. म्हणून वेग लागतो. बोट रेंगाळलं की चित्र जसंच्या तसं राहतं. वरखाली हालचालही चालते, त्यामुळे 'दोन भाग जोडले' हा दावा तिथेच पडतो.

रानवारा: त्याच अभ्यासात परिणामाचं माप (० म्हणजे काहीच फरक नाही) प्रयोगशाळेत ०.७४ आणि प्रत्यक्ष उपचारात ०.४१ आहे, तेही सांगा! आणि उलटे आकडे मोजूनही चित्र फिकं पडतं, मग डोळ्यांचा एवढा डंका का?

ओवी: तुमचं आकड्यांचं भांडण चालू द्या, खरी गाडी अडते तिसऱ्या टप्प्यावर, भाषेपाशी. इंग्रजी यादीतून 'मी पुरेशी चांगली नाही' असं उतरवतात. असं मराठीत कोण बोलतं? 'माझ्यातच खोट आहे', 'माझंच चुकलं', 'मला काहीच करता आलं नाही', हे बाईच्या तोंडचे शब्द. दुसरी चूक म्हणजे 'अपघात भयंकर होता' हीच समजूत म्हणून लिहून घेणं. ती घटना आहे, खरीच आहे, ती बदलणार कशी? आणि १ ते ७ विचारताना 'मनाला कितपत पटतं' असं विचारा, नाहीतर लोक डोक्याने उत्तर देतात.

रानवारा: हा विषय वेगळा आहे, वेगळा धागा काढा.

ओवी: अजिबात वेगळा नाही! 'घराण्याला काळिमा लागला' म्हणणाऱ्या मुलीच्या वाक्यात 'मी' कुठे आहे? ते वाक्य मोडून 'मी' कोंबू नका. 'त्यावरून तुला स्वतःबद्दल काय वाटतं?' एवढं विचारा आणि थांबा. इथे घाई झाली की पुढच्या सगळ्या फेऱ्या भलत्याच जागी.

तळटीप: ओवींशी सहमत, आणि व्हिडिओ नेमका इथेच उघडा पडतो. दोन-तीन फेऱ्या तेच चित्र, त्रासाचा आकडा ८ वर अडलेला, तर दिशा किंवा वेग बदलायचा. तरीही हलेना, तर एक प्रश्न: 'तुझ्या जागी त्या वयाची दुसरी मुलगी असती, तर दोष कुणाचा?' कधी डोळे बोटामागे फिरतात पण नजर काचेसारखी होते, माणूस तिथे नसतोच. फेऱ्या बंद, पाय जमिनीवर टेकवायचे, खोलीतल्या वस्तूंची नावं घ्यायला लावायची. आणि वेळ संपली पण त्रास ६ वर आहे, तर उरलेलं कल्पनेतल्या पेटीत बंद करून मगच घरी पाठवायचं. ठिपक्याला यातलं काहीच दिसत नाही.

रानवारा: व्हिडिओच्या बाजूने मी कधीच नव्हतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ही पद्धत सुचवली आहे, ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनेही २०१८ मध्ये, मात्र युद्धातले आघात वगळून. गुण येतो, मान्य. घडलेलं तपशिलात तोंडाने सांगावं लागत नाही, गृहपाठही नसतो, हेही मान्य करावं लागेल. डोळ्यांमुळेच गुण येतो, हे मात्र मान्य नाही.

पाऊलवाट: सल्ला मागे घेतो. पण ज्यांच्या गावात थेरपिस्टच नाही, त्यांनी एकट्याने काय करायचं?

कासवगती: आघाताचं चित्र एकट्याने उघडायचं नाही. शांत वाटणारी जागा मनात आणून दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवा, तळवे आळीपाळीने हळू टेकवा, चार-सहा वेळा, मग श्वास. १९९७ च्या पॉलिन वादळानंतर मेक्सिकोत अकापुल्कोच्या मुलांसोबत काम करताना हे 'फुलपाखरू' पुढे आलं. वाईट आठवण मध्ये घुसली तर लगेच थांबा, डोळे उघडा, उठून पाणी प्या.