मार्चअखेर जपान सोडतेय, निघण्याआधी लिखाणाचं काय ठरवू?

पाऊसकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. नवऱ्याचं प्रोजेक्ट मार्चअखेर संपतंय, मग बिऱ्हाड पुण्याला. मी डिपेंडंट व्हिसावर आहे. वेगळी परवानगी काढली की आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येतं, त्यात मी बेन्तोच्या कारखान्यात सकाळची पाळी करते. कोपऱ्यावरच्या कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये जे तयार डबे मिळतात, ते आम्ही भरतो.

मला या कारखान्यावर कथा लिहायच्या आहेत. टोकियोवर मराठीत वाचायला मिळतं ते बहुतेक साकुरा, बुलेट ट्रेन आणि शिस्त यांच्याबद्दल. आमच्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या बायकांबद्दल मी कुठेच वाचलेलं नाही, आणि मला त्या कुणीतरी वाचायला हव्या आहेत. आत शिरताना पांढरा अंगरखा, केसांवर जाळी, त्यावर टोपी, मास्क. मग एकमेकींच्या पाठीवरून चिकट रोलर फिरवायचा, म्हणजे एखादा केस राहिला असेल तर निघतो. कोपरापर्यंत हात धुवायचे. खोली मुद्दाम थंड ठेवलेली असते. पट्टा सुरू झाला की माझ्या वाट्याला एकच पदार्थ: कधी भातावर काळे तीळ, कधी लोणच्याचे दोन तुकडे, तेही डब्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात. समोर व्हिएतनामी आणि नेपाळी विद्यार्थिनी, शेजारी सत्तरीच्या जपानी आजी. डोळ्यांखेरीज कुणाचं काही दिसत नाही. तरी कोण थकलंय, कोण चिडलंय, कुणाला घरून फोन आलाय हे मला आता डोळ्यांवरून कळतं. मला लिहायचं आहे ते हे.

आत्ता एहोमाकीची गडबड आहे. 3 फेब्रुवारीच्या सुमाराला सेत्सुबुन हा सण असतो. त्या दिवशी वर्षाच्या शुभ दिशेला तोंड करून अख्खी जाड सुशी-गुंडाळी न बोलता खातात. आधीचे दोन-तीन दिवस आम्ही दुसरं काहीच करत नाही. न विकलेल्या गुंडाळ्या इतक्या फेकल्या जायच्या, की जानेवारी 2019 मध्ये इथल्या कृषी मंत्रालयाने दुकानदारांना मागणीपुरतंच बनवा असं कळवलं होतं. अन्न टाकू नये हे ऐकत वाढलेली मी तिथे उभी असते, तेव्हा मनात फार कालवाकालव होते. एक कथा त्यातूनच सुचली आहे.

अडचण अशी. कारखान्यात फोन, वही, पेन काही नेता येत नाही. दुपारी मुलीला पाळणाघरातून आणायचं, संध्याकाळी आवराआवर. महापालिकेत स्थलांतराची नोंद, विमा बंद करणं, बँक, वीज-गॅस, आणि सोफ्यापासून गादीपर्यंत प्रत्येक मोठ्या वस्तूसाठी आधी नोंदणी करून, दुकानातून स्टिकर आणून, ती ठरल्या सकाळी खाली नेऊन ठेवणं. लिहायला रात्रीचा तासभर मिळतो.

या दोन महिन्यांत काय धरू? एक कथा पूर्ण करू, की सगळ्यांचे कच्चे खर्डे? की फक्त टिपणं, आणि कथा पुण्यात? जुलैअखेरपर्यंत एका दिवाळी अंकाला कथा पाठवायचीच हे मात्र मनाशी पक्कं आहे. परदेशातून परतताना ज्यांनी असं काही ठरवून लिहिलं, त्यांनी कृपया सांगा.

अंगणातली_जाई

आम्ही म्युनिकहून नाशिकला परतलो त्याला बराच काळ झाला. जर्मनीत निघतानाची नोंद वेगळी, फर्निचर टाकण्याचे नियम वेगळे, पण डोक्यावरचं ओझं तेच असतं, त्यामुळे तुमचं एकेक वाक्य कळलं.

माझं मत स्पष्ट आहे, आत्ता कथा पुरी करायचं मनावर घेऊ नका. परतल्यावर जे पुन्हा मिळणार नाही तेवढंच गोळा करा. कथेची रचना, शेवट, भाषा हे सगळं पुण्यातही होईल. डब्याची किंमत किती, पट्टा थांबल्यावर कोणता आवाज येतो, अंगरख्याची गुंडी पुढे असते की पाठीला, जेवणाच्या सुट्टीत कोण कुठे बसतं, हे पुण्यात कुणाला विचारणार?

कागद जपा. मला सगळ्यात कामाला आल्या त्या दुकानाच्या पावत्या आणि दारात पडणारी जाहिरातपत्रकं. पावतीवर तारीख, वेळ, वस्तू, भाव सगळं असतं. तुमच्याकडेही सुपरमार्केटची पत्रकं येत असतील. एहोमाकीचं पत्रक आजच काढून ठेवा, 4 तारखेला ते गेलेलं असेल.

आणखी एक, पहिले तीन महिने इथे तुमचे नसतात. नातेवाईक, शाळाप्रवेश, गॅस, आधारवरचा पत्ता. एप्रिल-मे मध्ये मोठं काही ठरवू नका. तेव्हा रोज टिपणाचं एक पान वाचलं तरी पुष्कळ.

कृष्णाकाठचा

जाईताईंशी अर्धाच सहमत. टिपणं हवीतच, पण एक कथा तरी तिथेच, पाळी चालू असतानाच, शेवटापर्यंत लिहा. कच्ची असू दे.

मी दुबईत साइटवर होतो तेव्हा कामगारांच्या बसवर लिहिलं. बसमध्ये रोज बसत होतो तेव्हाच्या खर्ड्यात माणसं चिडलेली आहेत, हिशेबी आहेत, एकमेकांवर डोळा ठेवून आहेत. सांगलीला आल्यावर लिहिलेल्या पानांत तीच माणसं प्रेमळ झाली. अंतर पडलं की मन सगळ्यावर साय धरतं. तुमच्या पट्ट्यावर भांडणं होत असतील, कुणी तिळाचा डबा मुद्दाम लांब ठेवत असेल. ते आत्ताच लिहिलं तर खरं उतरेल. आणि एहोमाकीची कथा तर त्याच आठवड्यात लिहा, पाय दुखत असताना.

लांबवू नका म्हणतो त्याला आपल्याकडे मोठा दाखला आहे. पंडिता रमाबाई 1886 ते 1888 अमेरिकेत होत्या, 1889 मध्ये मुंबईला पोचल्या आणि त्याच वर्षी त्यांचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ छापून आलं. तेही शाळा काढण्याचा सगळा व्याप मागे असताना. त्यात प्रवासाचा भाग थोडा, बाकी बरंचसं विषयवार आहे: राज्यकारभार, शिक्षण, स्त्रियांची स्थिती. तुम्हीही ‘माझी जपानमधली वर्षं’ असं मोठं काही अंगावर घेऊ नका. कारखाना हा विषय धरलाय तो पुरेसा आहे, त्याच्या भिंतीबाहेर जाऊच नका.

सेन्जु_ते_सदाशिव

मी पुण्यात जपानी शिकवते. पाऊसकाठ, तुम्ही तोझाई लाईनने जात असाल तर मोन्झेन-नाकाचो स्टेशन तुमच्या रोजच्या ओळखीचं असणार. त्या फुकागावा भागातूनच हायकूकार कवी बाशो 1689 च्या वसंतात होडीने सेन्जुपर्यंत गेला आणि तिथून उत्तरेकडे चालू लागला. चालणं पाच महिन्यांत आटोपलं. त्या प्रवासाचं लेखन मात्र तो 1694 पर्यंत, म्हणजे मरणाच्या वर्षापर्यंत घासत होता, आणि ते छापलं गेलं 1702 मध्ये.

पण तुमच्या प्रश्नाशी जास्त संबंध आहे तो त्याच्या सोबत्याचा. सोरा बरोबर चालत होता आणि स्वतःची रोजनिशी लिहीत होता: तारीख, हवा, किती अंतर चाललो, कुणाकडे उतरलो. त्यात सजावट काही नाही. ती रोजनिशी 1943 मध्ये छापली गेली आणि मग अभ्यासकांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. इचिबुरीच्या धर्मशाळेत दोन गणिका शेजारच्या खोलीत होत्या, हा बाशोचा अतिशय हळवा प्रसंग. सोराच्या वहीत त्याचा मागमूस नाही. बहुतेक अभ्यासक तो बाशोने रचला असंच मानतात.

म्हणून मी दोन वह्या सुचवेन. एक सोराची, रोज दहा ओळी: तारीख, पाळी, कोणता डबा, कोण आलं, कोण नव्हतं, काय ऐकलं. कारखान्यात वही नेता येत नाही तर परतीच्या गाडीत, दार लागायच्या आत लिहायला घ्या. दुसरी बाशोची. तिला तारीख नको, घाई नको, हवं ते रचायची मोकळीक आहे. मार्चअखेरपर्यंतचं उद्दिष्ट पहिल्या वहीचं ठेवा. दुसरीत एहोमाकीची कथा मनात येईल तशी लिहा, कृष्णाकाठच्यांचं म्हणणंही त्यात बसतं.

पाऊसकाठ

जाईताई, दादा, सेन्सेइ, मनापासून आभार. काल मोन्झेन-नाकाचो आलं तेव्हा गर्दीत मान वळवून पाटी पाहिली. इतके दिवस तिथून जातेय आणि हे ठाऊक नव्हतं.

असं ठरवलंय. गाडीतल्या दहा ओळी आजपासून सुरू. एहोमाकीचा खर्डा सेत्सुबुनच्या आठवड्यात, कसाही होवो, शेवटापर्यंत. बाकीच्या दोन कथांना मार्चपर्यंत हात लावणार नाही, त्यांच्यासाठी नुसतं टिपायचं. एप्रिल-मे वाचन. जूनमध्ये मुलीची शाळा सुरू झाली की सकाळी पुनर्लेखन, जुलैअखेर टपालात.

एक गोष्ट अजून छळते आहे. समोरची व्हिएतनामी मुलगी मला बरंच काही सांगते. दलालाला दिलेले पैसे, भाषाशाळेची फी, घरी ती काय सांगते आणि काय लपवते. तिने ते मैत्रिणीला सांगितलंय, लेखिकेला नाही. मराठी ती कधीच वाचणार नाही, पण म्हणून मला हक्क मिळतो असं वाटत नाही. तिला विचारू का? आणि ती नाही म्हणाली तर?

अंगणातली_जाई

विचारा. आणि आत्ताच विचारा, निरोपाच्या दिवशी नको, त्या दिवशी कुणीही हो म्हणतं. नाही म्हणाली तर तिची हकीकत सोडून द्या. पट्ट्यासमोर उभं राहून तुम्हाला स्वतःला जे वाटलं ते तुमचंच आहे, ते लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

सेन्जु_ते_सदाशिव

जाईताईंना अनुमोदन. सोराच्या वहीतही तिचं नाव लिहू नका, एखादं अक्षर ठेवा. ती हो म्हणाली तरी गाव, शाळा, दलालाच्या पैशांचा आकडा बदला. 28 तासांची मर्यादा विद्यार्थ्यांनाही असते आणि तिच्यावर तिचा व्हिसा अवलंबून असतो, त्यामुळे तासांबद्दल ती काही बोलली असेल तर ते कुठेच नको.

कृष्णाकाठचा

वेळापत्रक उत्तम. फक्त अंकाच्या संपादकांना आत्ताच दोन ओळींचं पत्र टाका, विषय सांगा, शब्दमर्यादा विचारा. काही अंकांचा मजकूर जूनमध्येच ठरायला लागतो.

आणि वह्या जहाजाने येणाऱ्या खोक्यांत घालू नका. आधी पानांचे फोटो, मग वह्या केबिन बॅगेत, पासपोर्टच्या कप्प्याशेजारी.

पाऊसकाठ

पत्र आज रात्रीच लिहिते. तिला शुक्रवारी विचारेन, त्या दिवशी आमची सुट्टी एकाच वेळी असते.