विंडोज ३.१ वर पट्ट्या उमटतात, मॉनिटर गेला का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मालवणात काकांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, दशावताराची हँडबिलं, देवळाच्या पावत्या, असली कामं. त्यांचा जुना ४८६ कॉम्प्युटर माळ्यावर गोणपाटात पडून होता. गणपतीत गावी आलो तेव्हा खाली काढला आणि चक्क चालू झाला. डॉस ६, विंडोज ३.१, पडद्यावर चित्र दाखवणारं ५१२ केबीचं एसव्हीजीए कार्ड (साध्या व्हीजीएच्या पुढचं). बॅटरी मेलीय, रोज तारीख घालावी लागते, ते असो.

प्रोग्रॅम मॅनेजर उघडेपर्यंत सगळं ठीक. खिडकी ओढली की मागे तिच्या कडा उरतात. मेनू मिटला तरी त्या जागी रंगीत पट्ट्या. डॉसमध्ये मात्र अक्षर न् अक्षर स्वच्छ.

शेजारचे आजोबा म्हणतात, "खाऱ्या वाऱ्यात टीव्ही टिकना नाय, ह्यो डबो काय टिकतलो?" दुरुस्तीवाल्याचंही तेच मत. पण सेटअपमधून साधा १६ रंगांचा व्हीजीए निवडला तर एकही पट्टी नाही, मग मॉनिटर कसा बिघडलेला? २५६ रंगांचा ड्रायव्हर पुन्हा घातला, फरक शून्य. मेमरी कमी पडते म्हणून मेममेकर, म्हणजे डॉसचा मेमरी मोकळी करणारा प्रोग्रॅमही चालवून झाला, विचारेल त्याला 'येस' म्हणत गेलो.

१६ रंगांतच वापर, असं कृपया सांगू नका. काकांनी स्कॅन केलेले दशावतारी मुखवटे त्यात निव्वळ चिखल दिसतात. आणि फाइली लॅपटॉपवर नेल्या तर फॉन्ट युनिकोडच्या आधीचा, 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी.

प्रतिसाद: मॉनिटर विकू नकोस! पट्ट्या मेममेकरच्या आधी होत्या की नंतर आल्या? बी००० ते बी७एफएफ ही मेमरीतली ३२ केबीची जागा मूळची मोनोक्रोम (एकरंगी) पडद्याची. ती वापरू का, असं मेममेकर विचारतो. साध्या व्हीजीएला 'येस' चालतं, एसव्हीजीएला नाही. तिथे माउसबिऊसचा ड्रायव्हर जाऊन बसला असेल आणि २५६ रंगांचा ड्रायव्हरही तिथेच लिहीत असेल. डॉसची रंगीत अक्षरं बी८०० पासून पुढे, म्हणून ती शाबूत.

मशीन सुरू होताना एफ८ दाब, ईएमएम३८६ (मेमरीतल्या अशा जागा वापरायला देणारा ड्रायव्हर) च्या ओळीला 'नो' म्हण. पट्ट्या गेल्या तर कॉन्फिग फाइलची प्रत काढून ठेव, मग त्या ओळीतल्या 'आय=बी०००-बी७एफएफ' मध्ये 'आय'च्या (ही जागा वापर) जागी 'एक्स' (ही जागा वगळ) लिही.

धागाकर्ता: नंतरच आल्या! आधी फक्त डॉसमध्ये फाइली चाळत होतो, विंडोज उघडलंच नव्हतं, त्यामुळे डोक्यात आलं नाही. एफ८ ने पट्ट्या गायब, मग 'एक्स' केलं. मुखवट्याचे डोळे आता लालबुंद दिसतात. फ्लॉपी ड्राइव्ह मात्र नुसताच गुरगुरतोय, त्याचा वेगळा धागा काढतो.