महागाई वाढली की दिव्यांगांचं अनुदान आपोआप वाढतं का?

प्रश्न (चोपडा): भावाला संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांग म्हणून पैसे मिळतात. सरकारी पेन्शनला महागाई भत्ता लागतो, तसा याला लागतो का? शेजारच्यांना २५०० येतात, भावाला १५००च.

उत्तर (अमळनेर): नाही भाऊ. ही रक्कम महागाईच्या निर्देशांकाला जोडलेलीच नाही, शासन निर्णय निघाला तरच वाढते. २०२३ मध्ये १००० चे १५०० झाले, दिव्यांगांना २५०० ऑक्टोबर २०२५ पासून. ८० टक्क्यांवरच्या दिव्यांगांसाठी केंद्राच्या पेन्शनचे ३०० तर २०१२ पासून तसेच आहेत, हा सरळ अन्याय आहे. भावासाठी तहसीलच्या संजय गांधी शाखेत जा. नोंदीत प्रवर्ग 'दिव्यांग' लागलाय का, यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) क्रमांक चढलाय का, ते स्क्रीनवर दाखवायला सांगा. कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळलं पाहिजे.

उत्तर (शहादा): बँकही बघा. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, आणि लोक जुनंच पासबुक भरून आणतात. शिवाय दिव्यांगांना उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,०००. मजुरी वाढली तरी ही मर्यादा आपोआप वाढत नाही दादा, दाखला काढताना ध्यानात ठेवा.