कमी दराची निविदा आणि ढगातलं उपकरण

सर्वात कमी दराची निविदा घेतली की सरकारचा पैसा वाचतो, असं अनेकदा म्हटलं जातं. खुर्च्या-टेबलांसाठी मान्य. विमानाला लावायच्या उपकरणांचं गणित मात्र वेगळं आहे.

पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था) २००९पासून कायपीक्स या ढग आणि पावसाच्या अभ्यासमोहिमेत विमानातून ढगांची मोजमापं घेतली. पुढे सोलापूरच्या पर्जन्यछायेतही ती झाली. त्यात वापरतात तसा ढगातले थेंब मोजणारा प्रोब, म्हणजे मोजमापाचं उपकरण, विमानाच्या पंखाखाली बसतो. दोन छोट्या बाहूंमधून लेसरचा किरण जातो आणि २ ते ५० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एकेक थेंब त्यातून जाताना मोजला जातो. किरण ज्या काचेतून जातो तिच्यावर बर्फ किंवा धूळ धरली की आकडे बिघडतात. म्हणून ठरावीक मापाचे काचेचे बारीक मणी सोडून तो पुन्हा पुन्हा तपासावा लागतो.

हे मणी, सुटे भाग, बर्फ धरू न देणारा हीटर, दुरुस्ती किती दिवसांत करून मिळणार, विमानावर बसवायची परवानगी कोण काढणार, हे सगळं निविदेतच हवं. तांत्रिक अटी ढिल्या ठेवल्या की स्वस्त माल पात्र ठरतो, आणि मग दर पाहून निवड करण्यावाचून समितीच्या हातात काही उरत नाही. पावसाळ्याचे चारच महिने. प्रोब दुरुस्तीला परदेशी गेला तर तो हंगाम हातचा जातो, विमानाचं भाडं मात्र भरावंच लागतं.