'क्वाइदान' घाबरवतो कशाने: रंगवलेल्या आभाळाने की आवाजाने?

नेपथ्यवेडा:
मासाकी कोबायाशींचा 'क्वाइदान' (१९६४), चार जपानी भूतकथा, तीन तास. बराचसा भाग विमानांच्या एका हँगरमध्ये, हाताने रंगवलेल्या पडद्यांपुढे चित्रित झालाय. माझं ठाम मत, भीती त्या पडद्यांत आहे. हिमस्त्रीच्या कथेत लाकूडतोडे वादळात धडपडतात आणि वर आभाळात चक्क डोळे रंगवलेत. खऱ्या बर्फात हे मिळालं नसतं.

हँगरच का? पडदा नटाच्या पाठीशी आला की सावली आभाळावर पडते, मग ते कापड वाटतं. अंतर असलं की पडद्याला वेगळे दिवे देता येतात. पुढचा माणूस निळा, मागचं आभाळ लाल, दोन्ही एकाच वेळी.

कानसेन:
असहमत. यातल्याच 'काळे केस' या कथेचा शेवट आवाज बंद करून बघा. पडक्या घरात एक म्हातारा होत चाललेला माणूस धावतोय, एवढंच उरतं. संगीतकार तोरू ताकेमित्सूंनी तिथे नेहमीचं पार्श्वसंगीत टाळून लाकूड चिरल्याचे, फुटल्याचे आवाज वापरलेत, तेही चित्राशी जुळवून नाही. फळी मोडताना दिसते तेव्हा शांतता, कडाड्‌ येतं नंतर. हे दिसतं तितकं सोपं नाही. सेकंदाला २४ फ्रेम धावतात. आवाज दोन-तीन फ्रेम सरकला तर प्रेक्षकाला प्रिंटमध्ये दोष वाटतो. तो मुद्दाम लांबवला आहे हे कळेल इतका सरकवावा लागतो.

शिवाय अमेरिकेत सिनेमा दाखवला तेव्हा हिमस्त्रीची कथाच कापली होती. तुमचे आभाळातले डोळे गेले, तरी बाकीच्या कथा उभ्या राहिल्याच.

नेपथ्यवेडा:
कापली ती लांबीसाठी, तो पुरावा कसा? त्याच कथेत नवरा गुपित बोलून बसतो, तेव्हा घरातला उबदार उजेड जाऊन बायकोच्या चेहऱ्यावर निळा चढतो. ती कोण हे आपल्याला रंगच सांगतो.

तिसरी घंटा:
दोघांनीही होइची या आंधळ्या वादकाची कथा सोडली. तिच्यातली दान-नो-उराची जुनी सागरी लढाई सेटवरच्या पाण्यात घेतली आहे. पाणी लहान करता येत नाही. थेंब तेवढाच राहतो आणि हौद ओळखू येतो. कोबायाशी ते लपवत बसत नाहीत. मध्येच लढाईचं जुन्या शैलीतलं चित्र दाखवतात आणि वर बिवा या जपानी तंतुवाद्याच्या साथीने आख्यान चालू राहतं. हौद खटकत नाही तो त्या आख्यानामुळे. इथे माझं मत कानसेनला.

नेपथ्यवेडा:
लढाईपुरतं मान्य. 'काळे केस' मात्र डोळे मिटून ऐका. घर मोडतंय हे कळेल, केस मागे लागलेत हे नाही.