मदत हवी आहे: इंटरनेटशिवाय लोकल नेटवर्क (झाडीपट्टी नाटकाचं शूटिंग)

मंडळी, गडचिरोलीतल्या वडशाजवळच्या एका गावात मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाकडचं, नाटक तीन कॅमेऱ्यांवर शूट करायचं आहे. रात्री 10 च्या पुढे पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. मंडप धानाच्या बांधीत (शेतात), लाइट जनरेटरवर. मोबाइलला एखादी कांडी आली तर आली. गर्दी जमली की तीही जाते. म्हणून इंटरनेट हिशेबात धरलेलंच नाही. लाइव्ह कुठे पाठवायचं नाही. तिन्ही चित्रं एका लॅपटॉपवर ओबीएसमध्ये (व्हिडिओ मिक्स आणि रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) घ्यायची, तिथेच मिक्स करायची, तिथेच रेकॉर्ड. एवढ्या तासांचं फुटेज घेऊन नंतर एडिटला कोण बसणार? मंडळाला पेनड्राइव्ह दुसऱ्याच दिवशी पाहिजे असतो. (परवानगी सगळ्यांची घेतली आहे, धागा तिकडे नेऊ नका.)

सामान असं: दोन कॅमेऱ्यांना एचडीएमआय एन्कोडर (कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवर पाठवणारा डबा), स्टेजच्या कडेला तिसरा अँड्रॉइड फोन, 8 पोर्टचा गिगाबिट स्विच, कॅट 6 वायर आणि घरचा वायफाय राउटर. मिक्सिंगचं टेबल स्टेजपासून साधारण 70 मीटर मागे.

घरी सगळं सुरळीत चालतं. बांधीत नुसता स्विच लावून पाहिलं तर एन्कोडरचं सेटिंगचं पानच ब्राउझरमध्ये उघडेना. लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) 169.254 ने सुरू होणारा दिसतो. राउटर मध्ये घातला की एन्कोडर दिसतात, पण फोन ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ म्हणतो आणि थोड्या वेळात वायफाय सोडून मोबाइल डेटावर जातो. त्याचं एसआरटीचं (नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायची पद्धत) चित्र तर लॅपटॉपपर्यंत पोचतच नाही.

राउटर लागतोच का? तीन चित्रांना गिगाबिट पुरेल? आणि कॅमेरावाल्यांशी बोलायचं कसं? तिथे व्हॉट्सअ‍ॅप कॉल विसरा.

प्रतिसाद:

भाऊ, 169.254 म्हणजे लॅपटॉपला पत्ता देणारं कोणी भेटलं नाही, म्हणून त्याने स्वतःच घेतला. स्विच पत्ते वाटत नाही, ते काम राउटरचं. तेव्हा राउटर न्याच. त्याचा वॅन पोर्ट (बाहेरच्या इंटरनेटचा) रिकामा राहू द्या, स्विचची वायर लॅन पोर्टमध्ये (आतल्या नेटवर्कच्या) लावा. एन्कोडर आणि लॅपटॉपला कायमचे पत्ते देऊन चिठ्ठी प्रत्येकावर चिकटवा. रात्री 2 वाजता काही आठवत नाही.

विंडोजने नवं नेटवर्क ‘पब्लिक’ धरलं असेल, म्हणून फायरवॉल फोनचं चित्र अडवत असेल. ते ‘प्रायव्हेट’ करा आणि ओबीएसला परवानगी द्या. फोन एअरप्लेन मोडवर टाकून मग वायफाय सुरू करा, म्हणजे त्याला पळायला दुसरी जागाच राहत नाही.

वेगाची काळजी सोडा. प्रत्येकी 8 एमबीपीएस धरले तरी तिन्हींचे 24 होतात, गिगाबिट म्हणजे 1000. खरी अडचण वायफायची. माणसांची गर्दी सिग्नल शोषते, त्यामुळे टेबलावरचा राउटर 70 मीटरवरच्या फोनला नीट पकडणार नाही. राउटर स्टेजकडे बांबूला उंच बांधा आणि तिथून टेबलापर्यंत वायर आणा. कॅट 6 ला 100 मीटरची मर्यादा आहे, तुम्ही आत आहात. राउटर, स्विच आणि एन्कोडर यूपीएसवर ठेवा. जनरेटरमध्ये डिझेल टाकायला बंद केला की सगळं पुन्हा उभं राहीपर्यंत अर्धा प्रवेश निघून जातो.

बोलायला लॅपटॉपवर मंबलचा (आवाजी गप्पांचं सॉफ्टवेअर) सर्व्हर टाका, कॅमेरावाल्यांच्या फोनवर त्याचं अ‍ॅप. आवाज लॅनवरच फिरतो, नेट लागत नाही. फक्त कॅमेरावाल्यांना हेडफोन सक्तीचा करा.

धागाकर्ता:

पत्ते दिले, फोन एअरप्लेनवर टाकला, तिन्ही चित्रं आली! आता एकच राहिलं. वायर बंड्यांच्या (बैलगाड्यांच्या) वाटेवरून जाते. वर बांबूवरून नेऊ की पुरू?

प्रतिसाद:

पुरा. बांबूवर नेली तर तणसाची (धानाच्या पेंढ्याची) बंडी आली की ओढून नेईल. वायर पाऊण इंची काळ्या पाण्याच्या पाइपात घालून वीतभर खाली टाका, वायरच्या टोकांचे प्लग मागाहून मारा. जनरेटरची वायर त्याच नालीत घालू नका.